आजीचे बोट आणि दुधाचे दात

रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत पहाटेची आरती संपून नळाला पाणी आले, की घरोघरच्या वडीलधाऱ्या बायका एकेक करून पायरीवर येऊन बसतात, कमरेची लहानशी डबी काढतात, झाकण उघडून तर्जनीच्या टोकावर काळसर, ओलसर लगदा घेतात आणि तो हिरड्यांवर चोळीत, मधून मधून गटारात थुंकीत, शेजारणीशी बोलत पाव-अर्धा तास बसून राहतात. हा गुडाखू. छत्तीसगढात नवीन आलेल्या मराठी माणसाला हे दंतमंजन वाटते. जुन्या माणसाला ते काय आहे हे ठाऊक असते, पण त्याच्या डोळ्यांना सवय झालेली असते. माझ्याही डोळ्यांना ती झाली होती. गेल्या पंधरवड्यात मात्र शेजारच्या घरातली अडीच वर्षांची पोर आजीच्या मांडीला टेकून बसली होती, आणि आजीची डबी बाजूला ठेवलेली पाहून तिने आपली इवलीशी तर्जनी डबीच्या कडेवरून फिरविली, तोंडात घातली, आणि आजी घाशीत होती त्याच लयीने ती आपल्या दातांवरून नेऊ-आणू लागली. आजीने हसत हसत तिचे बोट पदराला पुसले. पोरही हसली, आणि हसताना तिचे वरचे पुढचे चार दात मला दिसले: हिरडीपाशी तपकिरी पडलेले, कडांनी झिजलेले, एकाचा तर निम्मा भाग गळून गेलेला. दात किडले आहेत, कोणाला तरी दाखवा, असे मी म्हटले. त्यावर आजीने शांतपणे उत्तर दिले, ‘‘दूध के दाँत आय भइया, गिर जाही.’’

हे उत्तर छत्तीसगढीतून आले म्हणून मराठी वाचकाने ते परके मानू नये. नागपूरकर भोसल्यांची फौज १७४१ साली या मुलखात उतरली, पुढे बिंबाजी भोसले रतनपुरास राहून येथला कारभार पाहू लागले, आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा हा सुभाही इंग्रजांच्या हाती गेला. त्या अमदानीत आणि तिच्यानंतर कचेऱ्या, शाळा व रेल्वे यांच्या चाकरीनिमित्त जी मराठी कुटुंबे रायपुरात स्थायिक झाली, त्यांनी आपल्याबरोबर बाळगुटीची सहाण आणली, पाळणा आणला, संक्रांतीचे बोरन्हाण आणले, आणि ‘दुधाचे दात काय, पडणारच आहेत’ हे वाक्यही आणले. बायांच्या ओसरीवरील मशेरीची वहिवाट मागे राहिली असेल, तर तिची जागा येथे गुडाखूने भरून काढली. भाषा दोन, डब्या दोन, समजूत एकच. म्हणून मी जे लिहीत आहे ते पुरानी बस्तीच्या पायरीवर बसून लिहीत असलो, तरी ते नागपूर, अमरावती, कोल्हापूर, बेळगाव येथील घरांनाही तितकेच लागू आहे.

दुधाचे दात पडणारच आहेत, हे खरे. पण ते केव्हा पडणार आहेत याचा हिशेब फारच थोड्या घरांत कोणी केलेला असतो. या दातांची घडण मूल आईच्या पोटात असतानाच, दुसऱ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते. चौथ्या महिन्याच्या आसपास त्यांत कठीण द्रव्य साचू लागते. साधारण सहाव्या महिन्यात खालचे पुढचे दोन दात हिरडी फोडून वर येतात आणि अडीच-तीन वर्षांचे होईतो मुलाच्या तोंडात वीस दात भरतात. त्यांतील पुढचे दात सहा-सात वर्षांपासून पडू लागतात, हे आपण पाहतो, आणि तेवढेच पाहतो. मागच्या दाढा मात्र दहाव्या, अकराव्या, कित्येकदा बाराव्या वर्षापर्यंत जागेवर असतात. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडात जी दाढ आज उगवली आहे, तिने पुढची आठ-नऊ वर्षे त्याचे अन्न चावावयाचे आहे. आणि ज्या वयात हाडे वाढतात, उंची वाढते, शाळा सुरू होते, ते सारे वय त्या दाढेच्या भरवशावर जावयाचे आहे. ज्या घरात दहा वर्षे राहावयाचे, ते कधीतरी सोडावयाचेच म्हणून त्याचे छप्पर गळू देणारा मनुष्य आपल्याला भेटत नाही.

शिवाय दुधाचा दात केवळ चावण्याचे काम करतो असे नाही. आपल्या खाली घडत असलेल्या कायम दाताची जागा तो राखून ठेवतो. तो वेळेआधी गेला, की शेजारचे दात त्या मोकळ्या जागेवर अतिक्रमण करतात, आणि खरा वारस वर येतो तेव्हा त्याची जमीन दुसऱ्याच्या वहिवाटीत गेलेली असते. मग तो वाकडा येतो, आत येतो, किंवा अडकून राहतो. दुधाच्या दाढेच्या मुळाशी पू झाला, तर खाली तयार होत असलेल्या दाताच्या आवरणालाही इजा पोहोचू शकते. आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यातून होणारी चूक मी अनेक सुशिक्षित घरांत पाहिली आहे: सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक मोठी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती आल्याचा गाजावाजा होत नाही आणि तीही दुधाचीच असावी असे आईबाप धरून चालतात. ती कायमची दाढ असते. ती किडली, की पुन्हा येणार नाही.

मी स्वतः हा धडा फार उशिरा शिकलो. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना खालच्या एका दाढेला काळा ठिपका दिसत होता. मी ज्यांना विचारले, त्यांनी ‘पडणारा दात आहे, राहू द्या’ म्हणून मला परत पाठविले, आणि मलाही तेच ऐकावयाचे होते. दोन-तीन महिन्यांनी एका रात्री त्याचा गाल डोळ्यापर्यंत सुजला. घरात लवंगेचे तेल होते, मिठाचे पाणी होते, आणि त्या दोहोंनी काही होत नव्हते. मूल उशीत तोंड खुपसून रडत होते, थकून झोपी जात होते आणि कळ आली की पुन्हा उठून बसत होते. पहाटे त्याने मला विचारले, ‘‘बाबा, हा दात पडणार होता ना, मग पडत का नाही?’’ या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. दाढ काढावी लागली, तिच्या जागी पुढे आलेला दात वाकडा आला, आणि आज चाळिशी ओलांडलेल्या माझ्या मुलाच्या तोंडात माझ्या त्या हयगयीचा दाखला कायम आहे.

कीड कशी लागते हे एकदा समजून घेतले, म्हणजे काय करावे हे निराळे सांगावे लागत नाही. दातांवर जंतूंचा एक चिकट थर सतत बसत असतो. तोंडात साखर आली, की ते जंतू ती खाऊन आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताच्या पृष्ठभागातून खनिज द्रव्य विरघळवून नेते. आणि लाळ अर्ध्या-पाऊण तासात ते आम्ल निष्प्रभ करून गेलेले द्रव्य हळूहळू परत आणून देते. ही देवघेव दिवसभर चालू असते. यावरून ध्यानात येईल, की गोड किती खाल्ले यापेक्षा ते किती वेळा खाल्ले, याला अधिक महत्त्व आहे. जेवणाबरोबर एक पेढा खाणाऱ्या मुलापेक्षा, सकाळपासून हातात बिस्किटाचा पुडा घेऊन दर अर्ध्या तासाने एक बिस्किट चघळणारे मूल अधिक धोक्यात असते, कारण त्याच्या लाळेला आपले काम पुरे करण्याची सवडच मिळत नाही. रात्री झोपेत तर लाळ फारच कमी होते. म्हणून साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून ज्या मुलाला निजविले जाते, त्याचे दात रात्रभर त्या गोड दुधात भिजत राहतात, आणि ते स्वच्छ करणारे तोंडात कोणी नसते. या किडीची खूण स्पष्ट असते: खालच्या दातांवर जिभेचे आच्छादन असल्यामुळे ते बहुधा बचावतात, आणि वरचे पुढचे चार दात आधी जातात. शेजारच्या पोरीचे तेच चार दात गेले होते. तिच्या आईला विचारले तेव्हा कळले, की रात्रीची बाटली दोन वर्षे चालू आहे आणि दुधात दोन चमचे साखर असते, कारण साखरेवाचून पोर दूध पीत नाही.

ही कीड प्रारंभी काळी नसते. ती खडूसारखी पांढरी असते. वरच्या दातांवर, अगदी हिरडीच्या रेषेलगत, एक निस्तेज पांढरा पट्टा दिसू लागतो, आणि तो दिसण्यासाठी मुलाचा वरचा ओठ बोटाने उचलून उजेडात पाहावे लागते. त्या अवस्थेत गोडाच्या वेळा कमी केल्या, दात रोज स्वच्छ केले, फ्लोराइडचा उपयोग केला, तर दात पूर्ववत होऊ शकतो. खड्डा पडलेला नसतो, सुई नको असते, यंत्र नको असते. पांढऱ्या पट्ट्याचा तपकिरी डाग होण्यास काही वेळा थोडेच महिने लागतात. त्या महिन्यांत ओठ उचलून पाहणारे कोणी घरात होते की नव्हते, एवढ्यावर पुष्कळसे अवलंबून असते.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली देशभर जी पाहणी केली, तीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालात, दुधाच्या दातांच्या किडीने पीडित असलेल्या जगातील मुलांची संख्या ५१ कोटींहून अधिक दिली आहे. इतक्या मुलांना जी व्याधी होते तिला आपण व्याधी म्हणत नाही, ‘पोरांचे दात असेच असतात’ म्हणतो.

आता बोटाकडे येतो. मुलाच्या तोंडात पहिल्यांदा जे काही जाते ते बहुतेक वेळा वडीलधाऱ्यांच्या बोटाने जाते, आणि या एका गोष्टीत आपल्या जुन्या घरांचे सामर्थ्यही आहे आणि धोकाही. सहाणेवर उगाळलेले वेखंड, मुरडशेंग, जायफळ आईच्या दुधात कालवून आजी बोटाने चाटविते. त्या बोटामागे जी माया असते तिच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु त्याच बोटाने मध चाटविण्याची जी चाल आहे, ती एक वर्षाच्या आतील मुलाला केवळ दातांच्याच नव्हे, तर जीविताच्या दृष्टीनेही अपायकारक ठरू शकते, कारण मधात कधी कधी असणारे जंतुबीज त्या वयातील आतड्यांत वाढून विषबाधा घडवू शकते. दात येताना होणाऱ्या जुलाबांचेही असेच आहे. दात येण्याने हिरडी शिवशिवते, मूल सापडेल ती वस्तू तोंडात घालते, आणि त्या वस्तूंवरची घाण पोटात जाऊन जुलाब होतात. ‘दातांचे जुलाब आहेत, होऊ द्या’ म्हणून ते अंगावर काढणे ही गंभीर चूक आहे.

आणि मग त्या बोटावर गुडाखू येतो. तंबाखूची पूड, गुळाची मळी, चुना, तांबडी माती यांचा हा लगदा मुळात तंबाखूच आहे, दंतमंजनाच्या वेषात घरात आलेला. त्याने दुखणारी हिरडी घटकाभर बधिर होते, म्हणून बाई तो लावते. मग न लावल्यास डोके दुखते, म्हणून लावते. मग दिवसातून चार वेळा लावते. हिरड्या मागे सरतात, मुळे उघडी पडतात, आणि मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. महाराष्ट्रातील मशेरीची कथा याहून निराळी नाही. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या त्यांतील स्त्रियांमध्ये मशेरीवाल्याच बहुसंख्य होत्या, आणि तंबाखू वापरणाऱ्या या स्त्रियांच्या बाळांचे जन्माचे वजन इतर बाळांच्या मानाने सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. ज्या महिन्यांत बाळाच्या दुधाच्या दातांची घडण चालू असते, त्याच महिन्यांत आईच्या हिरडीवाटे तंबाखू तिच्या रक्तात उतरत असतो.

कायदा नाही असे नाही. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली मनाई केली. २००३ सालच्या तंबाखूविषयक अधिनियमाच्या परिशिष्टात तंबाखूयुक्त दंतमंजनाचा स्पष्ट उल्लेख आहे, अठरा वर्षांखालील कोणालाही असा माल विकण्यास बंदी आहे, आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तो विकण्याचीही मुभा नाही. आणि तरीही आमच्या बस्तीत सात-आठ वर्षांचा मुलगा मूठभर सुटे पैसे घेऊन आजीसाठी डबी आणावयास जातो, आणि दुकानदार ती त्याच्या हातावर ठेवतो. हुकूम दप्तरात राहिला आणि डबी घरात आली. अंमलबजावणीतील या दिरंगाईबद्दल शासनाला दोष दिलाच पाहिजे. पण मुलाला दुकानात पाठविणारे शासन नव्हे, आपण आहोत.

साधने आता पुष्कळ जवळ आली आहेत. छत्तीसगढचे राज्य २००० साली झाले आणि त्यानंतर तीनच वर्षांत रायपुरात शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वैद्यकीय पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत मुले तपासावयास येतात, आणि त्यांनी शोधावयाच्या विकारांच्या यादीत दातांचे विकारही आहेत. माझी सूचना एवढीच आहे, की अंगणवाडीत मुलाचे वजन घेतले जाते त्याच वेळी त्याचा वरचा ओठ उचलून पाहण्याचा नियम व्हावा आणि त्याची नोंद वजनाच्या शेजारीच व्हावी. त्याला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही, निराळा कर्मचारी लागत नाही. पांढरा पट्टा दिसला, की आईला सांगावयाचे; तपकिरी डाग दिसला, की दंतवैद्याकडे पाठवावयाचे. खड्डा पडलेल्या दातावर लावावयाचे, कीड जागच्या जागी थांबविणारे चांदी व फ्लोराइडचे द्रावण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले आहे. त्याने दात काळा दिसतो, पण कीड पुढे सरत नाही आणि रडणाऱ्या मुलाला खुर्चीत दाबून धरावे लागत नाही.

मोलमजुरीला जाणाऱ्या आईला हे सारे कधी करावयाचे, असा प्रश्न मला विचारला गेला आहे, आणि तो रास्त आहे. जी बाई पहाटे चूल पेटवून सहा घरची भांडी घासते आणि रात्री पाठ टेकते तेव्हा मूल आधीच झोपलेले असते, तिला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. बाटलीतली साखर ही पुष्कळदा तिच्या थकव्याची साखर असते; तिने मुलाला दोन तास अधिक झोप लागते, आणि तिलाही लागते. म्हणूनच हे काम एकट्या आईवर टाकू नये असे मी म्हणतो. आमच्या घरांत अजून आजी आहे, काकू आहे, आजोबा आहेत. पहिला दात दिसल्यापासून ओल्या स्वच्छ फडक्याने किंवा मऊ लहान ब्रशने तो पुसणे, हे त्यांच्या हातून होण्याजोगे काम आहे. ज्याला लोक धानाचा कटोरा म्हणतात त्या या प्रदेशात प्रमाण सांगणेही सोपे आहे: तीन वर्षांच्या आतील मुलाला फ्लोराइडयुक्त पेस्ट तांदळाच्या एका दाण्याएवढी, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, अधिक नको, कारण ती मूल गिळते. रात्री घासल्यानंतर पाण्यावाचून काही द्यावयाचे नाही. दुधातली साखर एकदम बंद केली तर मूल रडेल. ती आठवड्या-आठवड्याने अर्धा अर्धा चमचा कमी करीत जावी. आणि ब्रश मुलाच्या हाती देऊन मोकळे होऊ नये. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत त्याच्या हाताला ते कसब नसते, वडील माणसानेच मागून धरून घासले पाहिजेत.

सणासुदीचा आनंद कोणी हिरावून घ्यावा असे मला म्हणावयाचे नाही. बोरन्हाणात पूर्वी बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे आणि मूठभर हलवा असे. आता रंगीत कागदातल्या चिकट गोळ्यांचाच पाऊस पडतो आणि त्या पुढे महिनाभर डब्यातून एक-एक करून मुलाच्या तोंडात जात राहतात. जुना सरंजाम परत आणावा. खुरमी, अइरसा, करंजी ही जेवणाबरोबर खावी, दिवसभर चघळू नये.

शेजारच्या पोरीला तिची आई गेल्या सोमवारी दंत महाविद्यालयात घेऊन गेली. बरोबर आजीही गेली. दोन दात वाचतील असे तेथे सांगितले. ज्यांच्या घरी हा मजकूर वाचून दाखविला जाईल त्या सर्व आज्यांना माझी हात जोडून विनंती आहे: इतक्या वर्षांची डबी एका दिवसात सुटणार नाही हे मला ठाऊक आहे, परंतु ती नातवंडासमोर उघडू नका आणि आणावयास त्याला पाठवू नका, आणि आज रात्री ते निजण्यापूर्वी हात स्वच्छ धुऊन त्याचा वरचा ओठ आपल्या बोटाने उचलून दिव्याच्या उजेडात पाहा.